परड्यात शेंग, गवाणीत पाला: पावटा नव्यानं लावणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा पावटा लावला तो पाडव्याच्या सुमाराला. बी गावठी, शेजारून मागून आणलेलं. खड्ड्यात शेणखत भरपूर, विहिरीचं पाणी हाताशी. वेल बघता बघता मांडवावर गेला आणि मांडवावरून गोठ्याच्या पत्र्यावर. मे सरला, मिरग निघाला, आषाढ आला, पण फूल एक नाही. मला वाटलं बी खोटं निघालं. शेजारच्या आक्का बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "दिवस लहान झाल्याबिगर त्यो फुलायचा न्हाई. तवर म्हशीला घाल की." तसं केलं. म्हशीनं गवाण चाटूनपुसून साफ केली, आणि दिवाळीनंतर त्याच खोडांना फुटलेल्या नव्या फांद्यांवर शेंगांचे घोस लागले.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हल्ली पुष्कळ माणसं नव्यानं शेतीकडं वळताहेत. कुणी नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलाय, कुणी चार गुंठे घेऊन एक म्हैस बांधलीय. त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: पावटा शेंगेसाठी हवा की वैरणीसाठी, हे बी मातीत पडायच्या आधी ठरवा. जात कुठली, पेरणी कुठल्या महिन्यात, दोन रोपांत अंतर किती, विळा कधी लावायचा, औषध मारायचं की नाही, हे सगळं त्यावर ठरतं. दोन्ही हवं असेल तर दोन तुकडे वेगळे करा. एकाच वेलीकडून एकाच वेळी दोन्ही मागितलं की शेंगही हलकी आणि पालाही निबर.

आधी नावांचा घोळ सोडवू

आपल्याकडं एका नावाखाली चार वेगळी झाडं खपतात. मी इथं ज्याच्याबद्दल लिहितोय तो पावटा, म्हणजे कोकणातला वाल, कानडीतला अवरे. शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस, जुन्या पुस्तकांत डॉलिकॉस लॅबलॅब. पान तीन दलांचं, फूल पांढरं किंवा जांभळं, शेंग चपटी आणि किंचित वाकडी, आणि दाण्याच्या एका कडेला पांढरी उठावदार रेघ. ती पांढरी रेघ पावट्याची खूण. ती दिसली की बाकी शंका नको.

श्रावण घेवडा, ज्याला बाजारात बीन्स म्हणतात, तो वेगळा. मोठ्या पांढऱ्या दाण्याचा डबल बी तोही वेगळा. आणि बाकला तर पूर्ण वेगळ्या कुळीचा: सरळ उभं चौकोनी पोकळ खोड, वेल नाही, पांढऱ्या फुलावर काळा ठिपका, शेंगा आभाळाकडं तोंड करून. युरोपात त्याच बाकल्याची एक बारीक दाण्याची जात घोड्यांना आणि गुरांना घालायची जुनी रीत आहे. आपल्या देशात तो बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाकडं जास्त दिसतो. त्याला थंडी लागते, ऊन तापलं की फुलं गळतात. बेळगावची थंडी सौम्य असते आणि फेब्रुवारीतच ऊन चटका द्यायला लागतं, म्हणून हौसेनं लावायचाच तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एक वाफा लावून बघा. आणखी एक सांगून ठेवतो, कारण ते जिवाशी संबंधित आहे: ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी या घटकाची जन्मजात कमतरता असते, त्यांना बाकला खाल्ल्यावर तांबड्या पेशी फुटून कावीळ आणि जोराचा रक्तक्षय होऊ शकतो. घरात कुणाला तसं निदान झालेलं असेल तर बाकला ताटात येऊ देऊ नका.

बियाण्याच्या दुकानात कानडी नावं उपयोगी पडतात. पुडीवर किंवा फळ्यावर 'चप्परद अवरे' असेल तर ती मांडवावर चढणारी, शेंगेसकट भाजी करायची जात. नुसतं 'अवरे' म्हटलं तर बहुधा दाण्याची. आणि 'मेवु' म्हणजे वैरण. मराठीत 'घेवड्याचं बी द्या' म्हणून मागितलंत तर यांतलं काहीही हातात येऊ शकतं.

दिवसाची लांबी आणि जातीची निवड

आक्का म्हणाल्या त्यामागचं कारण असं. जुन्या गावठी जाती दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय कळी धरत नाहीत. बेळगावच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस साधारण १३ तासांचा असतो आणि डिसेंबरात सव्वाअकरा तासांच्या आसपास येतो. वेल जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टात, गावठी पावटा फुलायचा तो पाऊसकाळ सरल्यावरच. लवकर लावलेल्याचा वेल मोठा होतो, उशिरा लावलेल्याचा आटोपशीर राहतो, एवढाच फरक. म्हणून शेंगेसाठी गावठी बी असेल तर जून-जुलै बरा. त्याआधी लावून पाणी घालत बसणं म्हणजे मांडवाला उगाच ओझं.

दिवसाच्या लांबीची पर्वा न करणाऱ्या बुटक्या जातीही आल्या आहेत. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या हेब्बाळ अवरे ३ आणि हेब्बाळ अवरे ४ या दाण्यासाठी, आणि भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या अर्का जय, अर्का विजय या कोवळ्या शेंगेसाठी. त्या वर्षभरात कधीही लावता येतात, दोन-अडीच महिन्यांत हिशेब मोकळा होतो, मांडव लागत नाही. पण खरं सांगायचं तर वास गावठीचाच. थंडीत भरलेली गावठी शेंग हातात चोळली की बोटांना एक तेलकट, उग्र, गोडसर वास राहतो. कानडी बाया त्याला 'सोगडु' म्हणतात आणि त्या वासावरूनच शेंग घेतात. मराठीत त्याला नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

माझी शिफारस अशी: परड्यात एक मांडव गावठीचा ठेवा, चवीसाठी आणि बियाण्यासाठी. उरलेल्या जागेत बुटकी जात लावा, म्हणजे वर्षातून दोनदा भाजी मिळेल.

वैरणीसाठी मात्र उलटा विचार. इथं फूल उशिरा येणं हाच गुण, कारण तोवर वेल पालाच पाला धरतो. रोंगाई नावाची जात केनियातून ऑस्ट्रेलियात नेऊन १९६२ मध्ये वैरणीसाठी प्रसारित झाली, ती याच गुणामुळं जगभर पसरली. तिकडचीच हायवर्थ ही दुसरी जात तर आपल्या दक्षिण भारतातून गेलेल्या बियाण्यातून आलेली. झाशीच्या भारतीय गवताळ कुरणे व चारा संशोधन संस्थेचं एक केंद्र धारवाडला आहे, तिथं वैरणीच्या बियाण्याची चौकशी करता येते. बेळगाव जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, आणि होबळीच्या, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या, ठिकाणी रयत संपर्क केंद्र असतं. जाताना जमिनीचा उतारा आणि आधार कार्ड बरोबर ठेवा, सवलतीच्या बियाण्याला ते मागतात. काहीच मिळालं नाही तरी अडून बसू नका. गावठी पावटा उन्हाळी पाण्यावर लावला की तो आपोआप वैरणीचा होतो, हे माझ्या पत्र्यावर चढलेल्या वेलानंच मला शिकवलं.

जमीन: पाणी साचू देऊ नका, बाकी तो सोसतो

खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडं तांबडी, थोडी आंबट माती. निपाणी, चिकोडी, अथणीकडं काळी. पावटा दोन्हीकडं येतो. सोटमूळ खोल जातं, म्हणून एकदा बसलेला वेल महिनाभर पाऊस नसला तरी तग धरतो. मुळाशी पाणी थांबलं तर मात्र आठवड्यात पानं पिवळी पडून खोड कुजतं. म्हणून ज्या भागात श्रावणात पाऊस उसंत देत नाही तिथं सपाट वाफ्यात लावू नका. बांधावर लावा, नाहीतर वीतभर उंच गादीवाफा करा. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला तर मी खरिपात शेंगेच्या पावट्याच्या नादाला लागू नका असंच सांगेन. तिथं भात काढल्यावर जमिनीतल्या ओलीवर लावलेला बरा.

भातानंतर ओलीवर कडधान्य ही आपल्याकडची जुनी रीत आहे. बेळगावच्या आसपासच्या शिवारात भात निघालं की मसूर, वाटाणा, हरभरा पडतो. त्याच ओळीत पावटा बसवा. भाताची कापणी आणि पावट्याची पेरणी यांत जास्त दिवस जाऊ देऊ नका. वरची माती वाळून ढेकळं झाली की उगवण निम्मी. सकाळी कापणी, पेंढ्या बांधावर आणि दुसऱ्या दिवशी नांगर, असं जमलं तर उत्तम. या वेळी दिवस आधीच लहान झालेले असतात, म्हणून गावठी वेलसुद्धा फार न पसरता लवकर फुलावर येतो.

पूर्वेकडं, जिथं पाऊसच कमी, तिथं स्वतंत्र पिकापेक्षा मिश्र पीक शहाणपणाचं. नाचणी किंवा ज्वारीच्या काही ओळींनंतर एक-दोन ओळी पावट्याच्या घालायच्या, याला कानडी मुलखात 'अक्कडी साल' म्हणतात. पाऊस दगा देऊन गेला तरी दोघांपैकी एक काहीतरी देऊन जातं.

पेरणी

बियाणं आधी ताटात पसरून निवडा. भोक पडलेलं, सुरकुतलेलं बाजूला. शंका असेल तर ओल्या फडक्यात २० दाणे गुंडाळून ठेवा. पाच-सहा दिवसांत १६-१७ तरी मोडले पाहिजेत.

मग बीजप्रक्रिया. नवखी माणसं हीच पायरी टाळतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. किलोला ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे उपयोगी बुरशीची पूड, चोळला तर मर आणि मूळकुज हे रोग कमी होतात. त्यानंतर रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारे जिवाणू. पावट्याच्या मुळावर चवळी गटातला रायझोबियम गाठी करतो, म्हणून पाकीट घेताना 'चवळी, मूग, उडीद' असं लिहिलेलं घ्या; सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं पाकीट इथं कामाचं नाही. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला पुरतं. गुळाचं पाणी पूर्ण गार करून त्यात कालवायचं, बियाण्याला हलक्या हातानं चोळायचं, सावलीत अर्धा तास सुकवायचं आणि लगेच पेरायचं. उन्हात वाळवलंत तर जिवाणू मरतात आणि सगळा खटाटोप फुकट जातो.

पेरल्यावर साधारण ३५-४० दिवसांनी एक रोप मुळासकट हळूच उपटा. मुळावरच्या गाठी नखानं फोडून बघा. आत गुलाबी-तांबूस रंग असेल तर गाठी काम करताहेत, हवेतला नत्र रोपाला मिळतोय. आत पांढरं किंवा हिरवट असेल तर नाही. एवढी तपासणी केली की युरिया टाकायचा की नाही ते कुणाला विचारत बसावं लागत नाही.

शेंगेसाठी मांडव करणार असाल तर दीड-दोन हात रुंद आणि हातभर खोल खड्डे काढा, दोन खड्ड्यांत तीन फूट अंतर. प्रत्येकात एक बुट्टी कुजलेलं शेणखत, माती मिसळून. बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोलीवर तीन-चार बिया, उगवल्यावर दोन जोमदार रोपं ठेवून बाकीची उपटा. चार-पाच खड्डे एका कुटुंबाच्या भाजीला पुरून शेजाऱ्यांनाही जातात. बुटक्या जातीला दोन ओळींत दीड-दोन फूट आणि दोन रोपांत एक फूट. एकराच्या पिकाला १० गाड्या शेणखत आणि पेरणीच्या वेळी डीएपी या रासायनिक खताचं एक पोतं पुष्कळ झालं. नंतर युरियाची मूठ मारायचा मोह आवरा. वेल काळाभोर होतो, बघायला छान दिसतो आणि फुलाला रुसतो.

वैरणीसाठी दाट पेरा: दोन ओळींत एक फूट, एकरी १० किलो बी. म्हणजे गुंठ्याला पाव किलो, हे लक्षात ठेवायला सोपं.

पहिला महिना पावटा हळू वाढतो. या महिन्यात दोन खुरपण्या झाल्या पाहिजेत, पुढं तो स्वतःच तण दाबतो. मांडवासाठी बांबू आणि सुतळी नसेल तर परसातल्या शेवग्यावर किंवा जुन्या कुंपणावर चढवा. मात्र पपईवर किंवा लहान आंब्यावर चढवू नका, झाड गुदमरतं.

पाणी

पावसाळ्यात लागत नाही. हिवाळ्यात १० ते १२ दिवसांनी एकदा. कळी धरताना आणि दाणा भरताना जमीन कोरडी पडली तर फुलं गळतात. या दोन वेळा सांभाळा, एवढंच.

कीड: बघण्याची सवय हेच पहिलं औषध

मार्गशीर्षातलं धुकं आणि ढगाळ हवा आली की कोवळ्या शेंड्यांवर आणि फुलांच्या दांड्यांवर काळा मावा बसतो. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली म्हणजे मावा आलाच समजा. सुरुवातीला शेंडा खुडून टाकला तरी भागतं, कारण तिथंच तो सगळा गोळा झालेला असतो. ठिपक्यांचे ढालकिडे फिरताना दिसले तर दोन दिवस थांबा, ते मावा खातात. वाढलाच तर ५ टक्के निंबोळी अर्क: लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीचं कूट रात्रभर भिजत घालून, सकाळी गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून फवारायचा. फवारणी संध्याकाळीच करा. उन्हात अर्काचा जोर जातो आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात.

शेंग पोखरणारी अळी जास्त नुकसान करते. फुलं जाळ्यात गुंडाळलेली दिसली किंवा शेंगेला भोक आणि बाहेर ओली विष्ठा दिसली की ती आत आहे. रोज सकाळी एक फेरी मारून अशी फुलं आणि शेंगा खुडून जाळा. परड्यातल्या मांडवाला एवढं पुरतं. मोठ्या तुकड्यात इंग्रजी टी आकाराच्या काठ्या रोवा, म्हणजे कोतवाल, साळुंख्या बसतात आणि अळ्या टिपतात. हिरवट, वास मारणारे लहान ढेकूण घोळक्यानं खोडावर दिसतात. ते पहाटे थंडीनं सुस्त असताना साबणाच्या पाण्याच्या परातीत झटकून पाडायचे.

पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडून रोप खुरटलं तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला मोझॅक रोग. त्याला औषध नाही. रोप उपटा आणि लांब नेऊन पुरा. जीव तुटतो, पण एक ठेवलं तर पुढची दहा जातात.

आता विषारी औषधांबद्दल. बाजारात जोरदार औषधं मिळतात आणि दुकानदार आग्रहही करतो. पण पावट्याच्या शेंगा आपण तीन-चार दिवसाआड तोडतो, आणि पाला गवाणीत घालतो. कुठल्याही बाटलीवर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेलं असतं. ते दिवस आणि आपली तोडणी यांचा मेळ बसतच नाही. म्हणून शेंगेच्या पावट्यावर ती औषधं वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे, आणि कुणी वापरलीच तर त्या वेलीचा पाला जनावराला घालू नये. दूध घरातलं पोरच पितं.

तोडणी

शेंग तीन अवस्थांत तोडता येते. चपटी, दाणा नुकता धरलेला असताना ती भाजीची पापडी. फुगलेली आणि अजून हिरवी असताना सोलायचा ओला पावटा. वाळून पिवळट झाल्यावर साठवणीचा दाणा. पहिल्या दोन अवस्थांत जितकं नेमानं तोडाल तितकी नवी फुलं येत राहतात. शेंगा वेलावर वाळू दिल्या की वेल समजतो काम झालं आणि थांबतो. म्हणून बियाण्यासाठी एक वेल बाजूला राखा आणि बाकीच्यांवर एकही शेंग वाळू देऊ नका.

गावठीची खरी बहर डिसेंबर-जानेवारीत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या भाजीत वांगं, गाजर, ओला हरभरा, घेवडा यांच्याबरोबर ओला पावटा नसेल तर आमच्या घरात भाजी झाली असं कुणी मानत नाही. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. बेंगळूरला याच दिवसांत अवरेबेळे मेळा भरतो, नुसत्या पावट्याचे पदार्थ खायला लोक रांगा लावतात. तिकडची एक युक्ती घेण्यासारखी आहे: ओला दाणा रात्रभर पाण्यात ठेवायचा आणि सकाळी अंगठा-तर्जनीत दाबून सालीतून बाहेर काढायचा. 'हितुकिद बेळे' म्हणतात त्याला. सालीचा तुरटपणा जातो आणि आमटी लोण्यासारखी होते. कोकणातलं बिरडंही असंच, फक्त दाणा वाळलेला आणि मोड आणून सोललेला.

वाळलेला पावटा कच्चा कधीच खाऊ नका, पोरांना खेळायलाही देऊ नका. त्यात पचन अडवणारे घटक असतात, आणि गडद रंगाच्या दाण्यांत त्याहून वाईट काही असू शकतं. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. कोंबड्यांनाही कच्चा भरडा घालू नका.

विळा कधी लावायचा

वैरणीचा पावटा पेरणीपासून ६० ते ७० दिवसांनी, फुलाची पहिली कळी दिसायच्या बेतात कापा. पाल्यात प्रथिनं भरपूर असतात, खोडात त्याच्या निम्मीही नसतात. उशीर केला तर वजन वाढतं पण ते खोडाचं. जमिनीपासून वीतभरापेक्षा जास्त, जवळपास फूटभर खुंट आणि त्यावर थोडी पानं ठेवून कापा. इथंच नवखी माणसं चुकतात. ज्वारी-मक्याची सवय असते, विळा जमिनीला टेकवतात आणि मग खुंट फुटतच नाही. पावट्याला फूट वरच्या पेरांतून येते. नीट कापलात तर दीड महिन्यात दुसरी कापणी.

हिशेब असा धरा. खत-पाणी व्यवस्थित असेल तर एका गुंठ्यातून एका कापणीला अडीचशे किलोच्या आसपास हिरवा पाला निघू शकतो. एका म्हशीला रोज ६ किलो घातला तर तो ४० दिवस पुरतो. तीन गुंठे घ्या आणि तीन आठवड्यांच्या अंतरानं एकेक गुंठा पेरा, म्हणजे पाला कायम कोवळा हाताला येतो. एकदम पेरून एकदम कापलात तर निम्मा निबर होऊन वाया जाईल.

नुसता पावटा गवाणीत टाकू नका. एकूण हिरव्या वैरणीत त्याचा वाटा एक तृतीयांशाच्या आत ठेवा. बाकी मका, हत्तीगवत किंवा उसाचं वाडं (उसाचे हिरवे शेंडे), आणि वर कोरडा कडबा. निपाणीकडं वाड्यावरच जनावरं काढायची सवय आहे. वाड्यात पोट भरतं पण प्रथिनं फार थोडी. त्याच्या जोडीला रोज एक भारा पावटा मिळाला तर पेंडीचा खर्च कमी करता येतो. दवानं किंवा पावसानं भिजलेला पाला उपाशी जनावरापुढं टाकला तर पोटफुगी होऊ शकते. आधी थोडी कोरडी वैरण, मग दोन-चार तास सावलीत सुकवलेला पावटा. नव्यानं सुरू करताना पहिल्या दिवशी किलोभर, मग आठवड्यात हळूहळू वाढवा. आणि धार काढून झाल्यावर घाला. आधी घातला तर दुधाला हिरवट वास लागतो, डेअरीत माप घालताना तो लपत नाही.

मका किंवा ज्वारीच्या दोन ओळींमागं पावट्याची एक ओळ घातली तर वेल ताटांवर चढतो आणि दोन्ही एकत्र कापून कुट्टी करता येते. यात एक जपायचं: ज्वारी कोवळी असताना, त्यातही पाण्याचा ताण बसलेला असताना, तिच्यात जनावराला मारणारं विष असतं. पावटा तयार झाला म्हणून ज्वारी लवकर कापू नका, ती फुलोऱ्यावर येऊ द्या. मक्याला ही भीती नाही, म्हणून पहिल्या वर्षी मक्याचीच जोड धरा. मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेली हिरवी वैरण, करायचा असेल तरी मक्याबरोबरच. एकट्या पावट्याचा मुरघास आंबायला नीट बसत नाही. वाळवून ठेवायचा तर खोड जाड असल्यानं वेळ लागतो आणि तोवर पानं चुरगळून गळतात. सावलीत, पातळ थरानं वाळवा आणि भारे सकाळी, दव असतानाच बांधा.

शेंगेच्या पावट्याचा पालाही फुकट जात नाही. शेवटची तोडणी झाली की वेल कापून गोठ्यात, सोललेली टरफलंही गवाणीत. फक्त वर सांगितलं तसं, औषध मारलेलं नसावं. मुळं मात्र जमिनीतच ठेवा, खोड कापूनच काढा. गाठींतला नत्र पुढच्या पिकाला मिळतो.

बी राखणं

राखलेल्या वेलावरच्या मधल्या बहरातल्या शेंगा बियाण्याला घ्या, पहिल्या आणि शेवटच्या नकोत. वाळवून, मळून, पुन्हा चार दिवस कडक ऊन द्या. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि साठवणीत बाहेर पडतो, म्हणून उन्हाला आळस करू नका. मग चाळलेली चुलीतली राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात. खायच्या दाण्याला राखेऐवजी तेलाचा हात चोळला तरी चालतो. महिन्यातून एकदा डबा उघडून बघा. तळाला पिठासारखी भुकटी दिसली तर त्याच दिवशी पुन्हा उन्हात पसरा. डब्यावर जात, महिना आणि कुठल्या मांडवाचं बी हे लिहून ठेवा, नाहीतर जूनमध्ये गावठी आणि बुटकी यांची सरमिसळ होते आणि ती कळते थेट ऑक्टोबरात.